दाराबाहेरचा आवाज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच दुकानातून आलो होतो आणि मोरीत हात धूत होतो. फोन स्पीकरवर होता. साखरपुड्याला दोन महिनेही झाले नाहीत आणि तू तिच्यावर आवाज चढवलास, तिने फोन ठेवला, मग दिवसभर उचललाच नाही, असं तू आईला सांगत होतास. आई काही समजावायला लागली तेव्हा तू म्हणालास, "माझा स्वभावच तापट आहे गं, बाबांसारखा. होईल तिला सवय. तुला नाही का झाली?"

आई त्यावर काही बोलली नाही. पोळी लाटत होती, लाटत राहिली. मी नळ सुरूच ठेवला.

आज गुरुवार. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. फोनवर बोलायला गेलो तर दोन वाक्यांत उपदेश करून मोकळा होईन, नाहीतर माझाच आवाज चढेल. म्हणून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसलोय. सगळं वाच.

तुला तो राक्षसाचा सिनेमा आठवतो ना? "ब्यूटी अँड द बीस्ट". तू पाच वर्षांचा होतास. सीडी भाड्याने आणली होती, तू ती परतच करू देईनास, शेवटी दुकानदाराला पैसे देऊन टाकले. दोन तबकड्या होत्या, ऐन रंगात आलं की उठून दुसरी घालावी लागायची. सिनेमा इंग्रजीत, तुला इंग्रजीचा गंध नाही, म्हणून मी शेजारी बसून सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायचो. मेणबत्तीचा एक आवाज, घड्याळाचा दुसरा, किटलीबाईंचा आपल्या पलीकडच्या काकूंसारखा. बेल म्हणजे त्यातली मुलगी, तिच्यासाठी आवाज बारीक करायचो. पण तुला खरी मजा यायची ती माझ्या राक्षसाच्या आवाजाची. मांडीवर बसून म्हणायचास, "बाबा, आता मोठ्याने!"

पुढे तू मोठा झालास, हा बायकी सिनेमा म्हणून मित्रांसमोर त्याचं नाव काढेनासा झालास. मीही विसरलो होतो. रविवारी रात्री झोप येईना तेव्हा मोबाईलवर शोधून काढला आणि पुन्हा पाहिला. सोमवारी परत. मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचत बसलो. माझ्या वयाच्या माणसाने परीकथेचं कार्टून दोनदा पाहावं यात मला काहीही वावगं वाटत नाही. आपल्या घरातली एक गोष्ट मला त्या चौऱ्याऐंशी मिनिटांत दिसली, ती इतक्या वर्षांत दुसरीकडे कुठे दिसली नव्हती.

तो दाराचा प्रसंग आठव. शापाने राक्षस झालेल्या त्या राजपुत्राच्या वाड्यात बेल आलेली पहिलीच रात्र. बापाला सोडवण्यासाठी ती त्याच्या जागी कैदेत राहिली आहे. राक्षस तिला सांगून जातो की जेवायला यायचं. विचारत नाही, सांगतो. ती येत नाही. मग तो जिने चढून तिच्या दाराशी येतो आणि दार बडवायला लागतो. मेणबत्ती, घड्याळ, किटली, म्हणजे त्याच शापाने वस्तू झालेले त्याचे नोकर, त्याच्याभोवती गोळा होतात, हळू बोला, गोड बोला, विनंती करा म्हणून त्याला विनवतात. तो दात आवळून एकदा नीट विचारतो. आतून उत्तर येतं, नको. एवढ्या एका 'नको'वर त्याचा तोल जातो. माझ्याबरोबर जेवायचं नसेल तर उपाशी राहा म्हणून ओरडतो आणि निघून जातो. खोलीत जाऊन जादूच्या आरशात तिला बघतो, तर ती म्हणत असते, मला त्याच्याशी काही देणंघेणं नको. तिकडे काचेखालच्या गुलाबाची एक पाकळी गळते. शेवटची गळायच्या आत शाप सुटला नाही तर तो कायमचा राक्षसच राहणार.

भांडण जेवणावरून होतं, हे मला इतकी वर्षं खटकलं नव्हतं.

आता मी तुला जे सांगणार आहे ते तुला अर्धवट आठवत असेल किंवा अजिबात आठवत नसेल. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. शेताला वीज रात्री-अपरात्री यायची, तीही कमी दाबाने, आणि पंपांच्या मोटारी जळून दुकानात ढीग लागायचा. शेतकरी दारात बसून असायचा, ऊस वाळतोय म्हणायचा, आणि मी रात्री नऊपर्यंत वाइंडिंग करत बसायचो. जळक्या वार्निशचा वास नाकातून जात नसे. अशाच एका रात्री घरी आलो, आईने ताट वाढलं, पहिला घास घेतला आणि वरणाला मीठ नाही म्हणून मी ताट भिरकावलं. भिंतीवर, कॅलेंडरखाली, पिवळा ओघळ उतरला. वाटी गोल फिरत फिरत कपाटाखाली गेली. तिचा आवाज थांबेपर्यंत घरात कुणी हललं नाही. मग आई फडकं घेऊन आली आणि भिंत पुसायला लागली. मी बाहेर जाऊन बसलो. तू आतल्या खोलीत झोपलास असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या रविवारी तू सीडी लावायला सांगितलीस. दाराचा प्रसंग आला, मी घसा खाकरून राक्षसाच्या आवाजाची तयारी केली. तू मांडीवरून उतरलास, समोर जाऊन बसलास आणि पडद्याकडेच बघत म्हणालास, "बाबा, इथे तुम्ही बोलू नका. इथलं मला पाठ आहे."

मी बोललो नाही. त्यानंतर त्या प्रसंगाला तू मला कधीच बोलू दिलं नाहीस.

तुझ्या त्या वाक्यानंतर मी एका रात्रीत बदललो असं लिहायला मला आवडलं असतं. ताट पुन्हा कधी फेकलं नाही, एवढंच खरं. दुकान बंद केल्यावर दहा मिनिटं बाकावर बसून मग घरी यायची सवय तेव्हापासून लागली. पण आवाज राहिलाच. तुझ्या दहावीच्या वर्षी राहिला, ताई आत्याच्या इस्टेटीच्या वेळी राहिला, आणि आई त्या आवाजाच्या अंदाजाने घरात वावरायला शिकली. मी चपला काढतो कशा, यावरून ती माझा पारा ओळखते. त्याला तू 'सवय' म्हणालास.

आता स्वभावाचं बघू. मला दुकानात येऊन तीस वर्षं झाली. पैसे बुडवणारी गिऱ्हाइकं पाहिली, दुसऱ्याकडून मोटार बिघडवून माझ्या नावाने बोंब मारणारी पाहिली. एकावरही मी कधी आवाज चढवला नाही. बाजारपेठेत कुणालाही विचार, मी थंड डोक्याचा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. मग हा कसला स्वभाव, जो पेठेत गप्प बसतो आणि उंबरठा ओलांडला की बाहेर येतो? स्वभाव असता तर गिऱ्हाइकावरही निघाला असता. मी जिथे खपतं तिथेच ओरडत होतो. त्या वाड्यातला राक्षसही कुणावर ओरडतो बघ. नोकरांवर, जे शापामुळे वाडा सोडून जाऊ शकत नाहीत. आणि त्या मुलीवर, जिने शब्द दिलाय म्हणून ती जाऊ शकत नाही. तू तुझ्या ऑफिसातल्या साहेबावर कधी आवाज चढवलायस का? प्रश्न खोचून विचारत नाहीये. उत्तर मला माहीत आहे, कारण तू माझा मुलगा आहेस.

वाचताना एक गोष्ट कळली, ती मला फार लागली. ही कथा मुळात फ्रान्समधली. १७४० साली गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या बाईंनी ती लांबलचक लिहिली. मग १७५६ मध्ये जान-मारी लप्रँस द बोमों यांनी ती आटोपशीर करून मुलींसाठी छापली. या बोमोंबाई लंडनमध्ये मोठ्या घरांतल्या मुलींना शिकवत असत. त्या काळी तिकडेही मुलींची लग्नं घरचे ठरवत, पुष्कळदा वयाने मोठ्या, कधी न पाहिलेल्या माणसाशी. अनोळखी घरात जाणाऱ्या मुलीची भीती या गोष्टीत आहे असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्याकडे हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको. आई या घरात आली तेव्हा मला एकदाच भेटली होती, तेही पोह्यांच्या बशीपलीकडून.

तर त्या बोमोंबाईंच्या गोष्टीतला राक्षस मुलीवर ओरडतच नाही. दिसायला भयंकर आहे, बापाला त्याने गुलाब तोडल्याबद्दल मरणाची धमकी दिली आहे, हे खरं. पण मुलगी आल्यावर तो तिला सांगतो, या घराची मालकीण तू. तू जेवताना मी समोर बसलेलं चालेल का, असं विचारतो. नको असेल तर निघून जातो म्हणतो. आणि रोज रात्री एकच प्रश्न विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ती रोज नाही म्हणते. तो उसासा टाकतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या वेळी पुन्हा येतो, तसाच नम्र. तीन महिने हे चालतं. विचार कर, तीन महिने रोजचा नकार, आणि त्या नकारापायी मुलीच्या ताटातला एक पदार्थ कमी होत नाही.

तापटपणा सिनेमावाल्यांनी घातला. पटकथा लिंडा वूल्व्हरटन यांची, डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाची पटकथा लिहिणाऱ्या त्या पहिल्या बाई. जुन्या गोष्टीत मुलीने वरच्या रूपापलीकडे बघायला शिकायचं होतं. या सिनेमात शिकायचं आहे ते त्याने. सुरुवातीचा तो रंगीत काचांच्या चित्रांचा भाग पुन्हा बघ. शापाची अट दोन भागांत आहे. आधी त्याने दुसऱ्या कुणावर प्रेम करायला शिकायचं, आणि मग तिचं प्रेम मिळवायचं. क्रम नीट लक्षात घे. ती त्याला सुधारेल आणि मग तो प्रेम करेल, असं कुठेही नाही.

ही मुलगी कोंडून ठेवणाऱ्याच्याच प्रेमात पडते, असं काय शिकायचं मुलांनी, असंही पुष्कळ लोक म्हणतात. मुलगी असती तर मीही धास्तावलो असतो. पण त्यांनी एक जागा नीट पाहिली नसावी. राक्षस दुसऱ्यांदा भयंकर ओरडतो, तिने गुलाबाला हात लावायला घेतला म्हणून, तेव्हा ती सवय करून घेत नाही. रात्री बर्फात घोड्यावर बसून निघून जाते. शब्द दिलेला असूनही जाते. लांडगे तिला गाठतात, तो येऊन त्यांच्याशी लढतो आणि जखमी होऊन पडतो. ती घोड्याकडे वळते. तिथे एक क्षण आहे. तिला जाता येतं, अडवायला कुणी उरलेलं नाही, आणि ती थांबते. वाड्यात आणून त्याची जखम पुसताना तो कळवळून ओरडतो तेव्हा तीही तितक्याच जोरात त्याला सुनावते की आधी रागावर ताबा ठेवायला शिक. आईने मला असं कधी सुनावलं नाही. तिला माहेर होतं, पण माहेरी परतून जाता येईल अशी सोय त्या काळी कुणी ठेवली नव्हती.

मला सगळ्यात आवडतो तो प्रसंग नाचाचा नाही. नाच सुंदरच आहे. ते भलं मोठं दालन संगणकावर रचलं आणि त्यात हाताने काढलेली माणसं नाचवली, १९९१ साली हे अपूर्व होतं. झुंबराजवळून खाली येणारं ते दृश्य बघताना तू तोंड उघडं टाकून बसायचास. पण मी थांबतो तो न्याहारीच्या टेबलाशी. तो वाडग्यात तोंड घालून जनावरासारखा खातो. ती बघते, नजर वळवते. किटलीचं पोर चमचा पुढे ढकलतं. तो एवढ्या मोठ्या पंजात तो चमचा धरायचा प्रयत्न करतो, सगळं सांडतं. तेव्हा ती आपला चमचा खाली ठेवते आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावते. तोही तसाच उचलतो. दोघं वाडग्याने भुरका मारतात. बस, एवढंच. त्याने जनावरासारखं खायचं नाही आणि तिने चमच्याचा हट्ट धरायचा नाही. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्यात असे प्रसंग किती आले ते मी सोमवारी रात्री मोजायला बसलो होतो. आहेत, अगदीच नाहीत असं नाही. पण चमचा दर वेळी तिनेच खाली ठेवलाय.

त्या राक्षसाचं चित्र ग्लेन कीन या माणसाने काढलं. सिंहाची आयाळ, गव्यासारखं डोकं, गोरिलाची भुवई, रानडुकराचे सुळे, अस्वलाचं अंग, लांडग्याचे पाय आणि शेपूट. डोळे मात्र माणसाचे ठेवले. शेवटी राजपुत्र समोर उभा राहतो तेव्हा बेल लगेच त्याच्या गळ्यात पडत नाही. केस बाजूला करून डोळ्यांत बघते, आणि मग ओळखते. तुला लहानपणी तो राजपुत्र आवडायचा नाही. "आपला राक्षस कुठे गेला?" म्हणून रडायचास.

गाणी लिहिणाऱ्याचं नाव हॉवर्ड ॲशमन. हे काम चालू असताना त्यांना एड्स झालेला होता. ते दूरवर न्यूयॉर्ककडे राहत, प्रवास झेपत नसे, म्हणून सिनेमाची मंडळी त्यांच्या घराजवळच्या फिशकिल नावाच्या गावी हॉटेलात जाऊन काम करत. १४ मार्च १९९१ ला ते गेले, चाळीस वर्षांचे होते. सिनेमा नोव्हेंबरात आला. शेवटी अर्पणपत्रिका येते, जलपरीला (ती त्यांच्या आधीच्या सिनेमातली) आवाज आणि राक्षसाला आत्मा देणाऱ्या मित्रासाठी. ती पाटी यायच्या आत आपण नेहमी सीडी बंद करायचो. या वेळी मी ती पहिल्यांदा वाचली. आपले दिवस मोजके आहेत हे कळलेला एक माणूस, आणि तो पाकळ्या गळणाऱ्या गुलाबाच्या गोष्टीवर काम करतोय. मला बराच वेळ पुढे काही वाचवेना.

आणखी एक. हा सिनेमा आधी वेगळाच होणार होता, गाण्यांशिवाय. १९८९ मध्ये त्याचा वीसेक मिनिटांचा कच्चा आराखडा तयार झाला होता. वरिष्ठांनी पाहिला आणि सगळाच रद्द केला, पहिल्यापासून करा म्हणाले. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. मोटार जळाली की जुनं वाइंडिंग पूर्ण काढावं लागतं. तांबं दिसायला चांगलं वाटतं, अर्ध्या कॉइली ठेवून अर्ध्या नव्या भराव्यात असा मोह होतो, गिऱ्हाईकही तेच म्हणतं, चार पैसे वाचतील. पण वरचं इन्सुलेशन शिजलेलं असतं. तशी मोटार आठ दिवसांत परत येते. मी ताट फेकणं बंद केलं आणि आवाज ठेवला, ते असंच झालं.

तुझे आजोबाही ओरडायचे. त्यांचे वडील चाबूक घेऊन फिरायचे असं ते अभिमानाने सांगत. आपल्या घरातले पुरुष तापटच, असं आपल्याकडे बारशापासून म्हणतात, तुझ्याही बारशाला म्हणाले होते. गंमत वाटायची तेव्हा. त्या सिनेमात एक हिशेब आहे. गुलाब त्याच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टिकणार, आणि नोकर म्हणतात शापाला दहा वर्षं झाली. म्हणजे शाप लागला तेव्हा तो अकरा वर्षांचा पोरगा होता. त्या भल्या मोठ्या वाड्यात त्याच्या आईवडिलांचा कुठे उल्लेख नाही. शाप देणाऱ्या त्या म्हातारीला आधी दारातून हाकलून देणाऱ्या त्या पोराला, असं करू नये बाळा, म्हणणारं कुणी नव्हतं.

तुला होतं. मी होतो, आणि मी म्हटलं नाही. उलट करून दाखवलं.

आपल्या पंचतंत्रातही अशीच एक गोष्ट आहे. एका ब्राह्मणाला मुलगा होतो तो साप. बाप त्याच्यासाठी वणवण करून मुलगी आणतो, ती नांदायला तयार होते. एका रात्री तो कात टाकून माणूस होऊन तिच्यासमोर येतो. पहाटे बाप उठतो, ती कात पाहतो आणि मुलाने परत तिच्यात शिरू नये म्हणून जाळून टाकतो. शाळेत वाचली होती तेव्हा मला त्यात सुनेचं कौतुक वाटलं होतं. या आठवड्यात त्या बापाचा हेवा वाटला. मी कात जाळली नाही. घडी घालून तुझ्यासाठी ठेवून दिली, आणि रविवारी तू ती अंगात घालून दाखवलीस.

आता तुझ्या कामाचं. सिनेमात दुसराही एक माणूस आहे, गॅस्टन. देखणा, धडधाकट, गाव त्याच्यावर खूश. तो बेलला मागणी घालायला जातो तेव्हा दाराबाहेर आधीच मांडव सजलेला, वाजंत्री उभी, पाहुणे जमलेले, भटजी हजर. फक्त तिला विचारायचं राहिलंय. ती नाही म्हणू शकते हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आणि ती नाही म्हणाल्यावर तो तिच्या बापाला वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा कट करतो. राक्षस काय करतो? नाचाच्या रात्री, सगळं त्याच्या मनासारखं होत आलेलं असताना, तिचा बाप रानात आजारी पडलेला आरशात दिसतो, आणि तो तिला सांगतो, तू मोकळी आहेस, जा. आरसाही देऊन टाकतो. गुलाबाच्या थोड्याच पाकळ्या उरल्या आहेत, ती गेली की संपलं, हे माहीत असून. ती गेल्यावर तो एकटा सज्जातून गर्जतो. आवाज तोच, पहिल्यासारखाच मोठा. पण समोर कुणी नसतं. मला तोपर्यंत वाटायचं, नाचात ते प्रेमात पडतात.

तू तिला फोन कर. 'स्वभाव' हा शब्द वापरू नकोस. चुकलं असेल ते चुकलं म्हण, पुढे 'पण' लावू नकोस. तिला बोलायचं नसेल तर किती दिवसांनी करू ते विचार, आणि तोवर करू नकोस. तिच्या आईवडिलांना मध्ये घालून दडपण आणू नकोस, तुझ्या आईलाही नाही. आणि तिला लग्नाचा पुन्हा विचार करावासा वाटला तर करू दे. हॉलची अनामत भरली आहे, पत्रिका छापायला दिल्या आहेत, लोक काय म्हणतील, यातलं काहीही तिच्या कानावर जाता कामा नये. अनामत बुडाली तर बुडाली, ते मी बघतो. पत्रिकावाल्याला मी काल थांबवलंय. त्याला म्हटलं, मजकूर पक्का व्हायचाय.

हे पत्र मी काल रात्री इथपर्यंत लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ताटाचा भाग आला तेव्हा माझा आवाज फुटेना, तिने कागद हातातून घेऊन स्वतः वाचला. मग मी तिची माफी मागितली, वीस-बावीस वर्षांनी. ती बराच वेळ कागदाकडेच बघत होती. म्हणाली, "ते वरण नव्हतं. पिठलं होतं. आणि मीठ बरोबर होतं."

तुझा,
बाबा